आकडेवाला

एल्क फोर्क, आयोवा. बाहेर उणे अठरा.
आत जिममध्ये घाम, पॉपकॉर्न आणि डेक्स्टर प्रूइट.
एकोणीस वर्षं मी त्याच्या डाव्या कोपरापाशी बसतो,
आकडे लिहितो, चिठ्ठ्या सरकवतो.
टीव्हीवर माझी फक्त मनगटं दिसतात.
आई म्हणते, जरा घड्याळ तरी चांगलं घाल.

डेक्स्टर पूर्वीचा कोच.
तीन कॉलेजांनी काढला, चौथ्यानं घेतलाच नाही,
तेव्हा चॅनलनं त्याला तज्ज्ञ म्हणून उचलला.
कोट मोहरीच्या रंगाचा, दात नवे,
आणि आवाज असा
की शेजारच्या काउंटीतल्या गायी पान्हा चोरतात.
"अविश्वसनीय!" तो ओरडतो.
पोरानं नुसती बुटाची नाडी बांधलेली असते.

पलीकडे वेन्डेल कास्टबर्ग, तुपात घोळलेला गळा.
तो खेळ सांगतो, म्हणजे खेळ सोडून सगळं:
सेंटरच्या आजोबांची डुकरं,
रेफरीचा दुसरा घटस्फोट,
मोटेलातलं बिघडलेलं वॉफलचं यंत्र
(यावर सलग सहा मिनिटं. माझ्याकडे नोंद आहे).
मधेच कोणीतरी बास्केट करतं.
वेन्डेल त्याला दारातूनच वाटेला लावतो,
चहासुद्धा न विचारता.

कोर्टच्या कडेला मॅकेना स्ट्राउड.
हरणाऱ्या कोचच्या हनुवटीला माइक लावून विचारते,
"या क्षणी कसं वाटतंय?"
"बचाव सुधारायला हवा."
गेल्या वर्षीही हवा होता. त्याआधीही.
ते कार्ड मी आता लॅमिनेट करून घेतलंय.

हाफटाइमला स्टुडिओतले चौघे येतात,
चौघांत मिळून पाच मतं, टाय सहा.
कालचं भाकीत चुकलं तरी कोणी लाजत नाही,
कारण काल हा त्यांच्याकडे
रेकॉर्डच होत नाही.

मग त्या फेब्रुवारीत बर्फानं कुठलीतरी तार तोडली.
उत्तरार्धात नऊ मिनिटं उरली असताना
माइकवरचा लाल दिवा विझला.
वेन्डेल सवयीनं डुकरांवर बोलत राहिला,
मग थांबला. खिशातून सँडविच काढलं.
बूट घासल्याचा आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला.

डेक्स्टरनं चष्मा लावला.
त्याला चष्मा आहे हे मला माहीत नव्हतं.
बराच वेळ बघत राहिला,
आणि माणसाच्या आवाजात म्हणाला,
"अकरा नंबर उजव्या पायावर उतरत नाहीये.
घोटा गेलाय. पोरगं सांगणार नाही,
बाप बसलाय ना वरच्या रांगेत."
मग उठला, कोचच्या बाकापर्यंत चालत गेला,
वाकून काहीतरी बोलला.
अकरा नंबर बाहेर आला, तोंडावर टॉवेल ओढून बसला.
डेक्स्टर परत आला, चष्मा खिशात घातला,
माझं अर्धं पॉपकॉर्न खाल्लं.
मी काहीच लिहिलं नाही.
त्याला कुठल्या रकान्यात घालणार?

दिवा लागला.

"अविश्वसनीय!" डेक्स्टर किंचाळला, गायी दचकल्या.
"ऐन मोक्याला अकरा नंबर बसवला!
मित्रहो, या कोचला कोण अक्कल देतं?"
वेन्डेल तोंडातलं सँडविच गिळत म्हणाला,
"कोणीतरी गाढवच असणार."

मी गप्पपणे चिठ्ठी सरकवली.
तिच्यावर एकच आकडा: सत्तेचाळीस.
आज संध्याकाळपासूनची अविश्वसनीयं.
त्यानं पाहिलं, छाती फुगवली,
"सत्तेचाळीस! ऐकताय ना? सत्तेचाळीस!"
"कशाचे?" असं वेन्डेल विचारत नाही कधी.
तो म्हणाला, "माझ्या मते हा विक्रम असावा."

घरी जाऊन मी जुन्या वह्या काढल्या.
होता.